मामांची मूठ

वैजापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारणारे माझे वडील संभाजीनगरच्या दवाखान्यात पोचले, तेव्हा त्यांचा श्वास बंद पडत आला होता. व्हेंटिलेटर रिकामा होईपर्यंत एक वॉर्डबॉय उशाशी बसून, नळीला जोडलेला रबरी फुगा हातानं दाबत राहिले. त्यांचं नाव मी विचारलंच नाही, सगळे मामाच म्हणत होते. पोलिओ झालेला पाय लांब केलेला, कुबडी भिंतीला. स्वतः श्वास घेतला की ते फुगा दाबायचे, सोडला की सोडायचे.

तासाभरानं मी म्हणालो, “मामा, मी दाबू का?”

“नको. कुबडीवर चालून कसलेले हात हायेत, थकत नाय. पोलिओच्या साथीत लोकांचा श्वासच बंद पडायचा. तिकडं युरोपात डॉक्टरकी शिकणारी पोरं आळीपाळीनं अशीच दाबत बसली, मग ह्या मशिनी आल्या. पोलिओनं माझा पाय नेला, पण हे बी त्यानंच शिकवलं. तुमचे वडील जात नसतेत.”

गेले नाहीत. आज त्यांचा आवाज यार्डातल्या शेवटच्या ट्रॅक्टरपर्यंत जातो. बोली चढत जाते, आणि मागं उभ्या असलेल्या माझी मूठ आपोआप मिटते, उघडते.