खुर्चीत बसवलेली डेल्मा

डेल्मा स्टिडहॅम एका जागी शांत बसली आहे, असं केंटकीच्या त्या डोंगरखोऱ्यात कुणी कधी पाहिलं नव्हतं. सकाळी ती शाळेची बस चालवी, दुपारी चर्चच्या स्वयंपाकघरात बटाटे सोली, आणि मधल्या वेळात कुणाची गाय अडली, कुणाचा नळ गळला, कुणाच्या घरात वाजलं, की बोलावण्याची वाट न बघता हजर! प्रार्थनेच्या वेळी सगळे डोळे मिटत तेव्हा ही बाकांखालचे कागद वेचायची.

पास्टर टॅकेट एकदा न राहवून म्हणाले, "डेल्मा, अगं देवानंसुद्धा सातव्या दिवशी विश्रांती घेतली."

"त्याच्या घरी ओडेल नव्हता," डेल्मा म्हणाली.

ओडेल हा तिचा नवरा. लाकडाच्या गिरणीतून निवृत्त होऊन तो ओसरीवरच्या खुर्चीत जो बसला तो बसलाच. मांडीवर गिटार, पायाशी कुत्रा. कुत्रा निदान अधूनमधून कूस तरी बदलायचा.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता डेल्मा चर्चच्या छपरावर चढली. पन्हळीत पानं तुंबली होती. पास्टर म्हणाले होते की माणूस बोलावतो. पण माणूस येईपर्यंत थांबणं हे काही तिच्या कुंडलीत नव्हतं. शिडी सरकली आणि बाई थेट पास्टरांच्या फुलझाडांत. जीव वाचला, फुलझाडं गेली, आणि डावा पाय मोडला.

डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि बजावलं, "पानं पिवळी पडेपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही. बसून राहायचं."

"बसून काय करायचं?"

"काही नाही."

"ते कसं करतात?" डेल्मानं अगदी मनापासून विचारलं.

घरात खुर्ची एकच चांगली. तिच्यात डेल्मा बसली आणि ओडेल उठला. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल, पण बायको बसलेली आणि नवरा पळतोय, हे दृश्य बघायला शेजारची आयव्हा मुद्दाम कुंपणाशी येऊन उभी राहायची.

"ओडेल, कोंबड्या!"

"घातले दाणे."

"पाणी?"

"पाणीही पितात का त्या?"

"ओडेल, घेवड्याच्या शेंगा उतरवल्यास? त्यांच्या शिरा काढ. अशा नाही! आजारी माणसाची नखं कापतोयस का? आणि मक्याच्या ब्रेडला वास कसला येतोय?"

"जळल्याचा," ओडेल म्हणाला आणि आत धावला.

आयव्हा हसत म्हणाली, "काय रे ओडेल, बारीक झालास की!"

"तू घरी जा," ओडेल म्हणाला. त्याला उभं राहून भांडायलाही सवड नव्हती.

आठवडाभरात त्याची कंबर गेली. एका संध्याकाळी तो पायरीवर मटकन बसला. "डेल्मा, खरं सांग. एवढं पळून पळून तुला मिळतं तरी काय? जरा बसलीस तर आभाळ कोसळेल का?"

शेंगा मोडता मोडता डेल्मा थांबली. "बाबा खाणीत अडकले होते तेव्हा आम्ही सगळे बसूनच होतो. आई, मावश्या, आम्ही पोरं. खाणीच्या तोंडाशी बाकं मांडली होती. बसा म्हणाले, कळवतो. मग कळवलं." तिनं शेंग टोपलीत टाकली. "तेव्हापासून बसलं की वाटतं, आता कुणीतरी येऊन काहीतरी सांगणार."

ओडेलला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांत ती सांगण्याइतकी थांबलीच नव्हती आणि त्यानं विचारलंही नव्हतं. तो उठला, आतून गिटार आणली आणि तिच्या मांडीवर ठेवली. "पाय नाही तर नाही. बोटं तर पळव."

तीन सूर त्यानं शिकवले, बाकीचा वेग तिचा. दोन दिवसांत तिनं स्वतःच गाणं रचलं आणि ओसरीवरून खोऱ्याला ऐकवायला लागली:

*खुर्चीबाई, खुर्चीबाई, तुझी-माझी ओळख नाही,*
*कणसं आलीत शेतावरती, मला बसायला सवड नाही.*
*मरण आलं दारावर तर सांगेन त्याला, थांब जरा,*
*उभाच आहेस नुसता तर अंगण तेवढं झाड जरा!*

"जरा सावकाश म्हण," ओडेल विनवायचा. "मला साथ करता येत नाही."

"गाणं कशाबद्दल आहे, ओडेल?"

जत्रेत गाण्याची स्पर्धा होती. आयव्हानं तिचं नाव परस्पर देऊन टाकलं. ढकलखुर्चीतून डेल्मा मंचावर आली आणि असं काही सुसाट गायली की लोकांनी टाळ्यांना हात उचलेपर्यंत गाणं संपलं.

परीक्षक गोंधळले. "बाई, गाणं फारच लहान झालं. नियमाला पुरेल एवढं तरी म्हणा."

झालं! डेल्मानं समोर नजर फिरवली आणि जागच्या जागी कडवी जुळवायला लागली. अग्निशमन दलाच्या प्रमुखाचं अंगण, आयव्हाचं मोडकं कुंपण, पास्टरांची पन्हळ — जी अजून तुंबलेलीच होती — सगळं यमकात आलं. ज्याचं नाव निघे तो लाल होई आणि बाकीचे मांड्या पिटून हसत. शेवटी पास्टर स्वतःच उठून ओरडले, "पुरे गं बाई! उद्या सकाळी शिडी लावतो!"

तिसरं बक्षीस मिळालं. बक्षीस काय, तर झुलती खुर्ची. डेल्मानं ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली. "निदान ही तरी स्वस्थ बसत नाही," ती म्हणाली.

पानं पिवळी पडली, प्लास्टर निघालं, आणि तालुक्याच्या रेडिओवाल्यांनी नवरा-बायकोला गायला बोलावलं. डेल्मा उभ्यानंच गायली. रेडिओवाला खूश होऊन म्हणाला, "वा! आता थोड्या गप्पा मारू."

"गप्पा ओडेल मारेल. माझी शाळेची बस सुटायची आहे," म्हणत ती दाराबाहेर गेलीसुद्धा.

ओडेल माइकसमोर एकटाच उरला. सगळं खोरं कान देऊन ऐकत होतं. त्यानं घसा खाकरला, पुन्हा खाकरला.

"गाडी तीच घेऊन गेली," तो म्हणाला. "मला घरी सोडायला कुणी आहे का?"

थोड्या वेळानं आयव्हाचा ट्रक रेडिओ केंद्राच्या दाराशी येऊन थांबला. खिडकीतून तिनं डोकं बाहेर काढलं. "बस लवकर. पण आधी सांगते, वाटेत कोंबड्यांच्या खाद्याची पोती भरायची आहेत, आणि ती तूच उचलायचीस."