भवानीची सकाळ

गेल्या मे महिन्यात दोन दिवस वाईला जायचं ठरलं आणि आम्हा तिघांनाही सकाळच हवी होती. भांडण तिथून सुरू झालं.

मुलीला वाईजवळचा गड चढायचा होता. मे महिन्यात गड चढायचा तर उजाडायच्या आत पायथ्याशी पोचावं लागतं, दहानंतर कातळावर हात ठेववत नाही. यांना सायकल चालवायची होती. कंपनी सुटल्यापासून हे सायकलवाले झालेत. हेल्मेट, अंगाला चिकटलेला पिवळा टीशर्ट, खांदेश्वरहून निघायचं आणि कुठल्यातरी टपरीवर चहा पिऊन परत यायचं. वाईजवळच्या धरणाकाठचा रस्ता सहा ते नऊ एवढाच बरा, पुढे ऊन भाजून काढतं, असं यांचं म्हणणं. आणि मला वाईच्या बाजारातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात जायचं होतं, तेही दुकान उघडता उघडता.

दुकानाला सकाळ कशाला हवी, असं दोघांनीही विचारलं. ज्यांनी आयुष्यात भाव केला नाही तेच असं विचारतात. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर दिवस फुकट जातो, असं दुकानदार मानतो. बाहेर बोहनी म्हणतात, आमच्या आईकडे भवानी म्हणत. भवानीला जो भाव सुटतो तो दुपारी सुटत नाही. हे मला कोणी शिकवलं नाही. घणसोली गावात भाड्याच्या एका खोलीत मी डबे करायला लागले तेव्हा पहाटे वाशीच्या घाऊक बाजारात शिव्या खाऊन आणि शिव्या देऊन शिकले. आज आमचा खांदेश्वरचा फ्लॅट, मुलीचं इंजिनिअरिंग आणि यांची ती सायकल, सगळं त्या पहाटेतून आलंय.

दुकानातली वस्तू मुलीनेच मला मोबाइलवर दाखवली होती. शिसवी फणेरपेटी. झाकण उघडलं की आतून आरसा उभा राहतो, खाली फणी आणि कुंकवाच्या करंड्यासाठी कप्पे. मुलगी म्हणाली, "क्यूट आहे ना?" आणि पुढे सरकली. मी तिला मागे जायला लावलं. तीस वर्षांत मी घेतलेली प्रत्येक वस्तू कामाची होती. पातेली, शेगड्या, डबे, फ्रीज. जिचा काडीचाही उपयोग नाही अशी वस्तू हवीशी वाटण्याची ही माझी पहिलीच वेळ.

पण खरं सांगते, पेटी अर्धीच गोष्ट. घासाघीस एकट्याने नीट होत नाही, दोघं लागतात. एकाने वस्तू हातात धरून ठेवायची आणि दुसऱ्याने दाराकडे बघत म्हणायचं, "राहू दे, चल, काय करायचीय." त्या एका वाक्यावर भाव तुटतो. बाजारात जावाजावा यायच्या, मायलेकी यायच्या, एक धरायची, एक ओढायची. मी दोन्ही कामं एकटीच करत आले. एकदाच यांना नेलं होतं, मोठं पातेलं घ्यायला. मी भाव उतरवत उतरवत ठरलेल्या जागी आणला आणि हे दुकानदाराला म्हणाले, "देऊन टाका हो, हिचं नेहमीचंच असतं." दुकानदार हसला. हेही हसले. भाव तिथेच थांबला. ते हसणं मी विसरलेली नाही.

म्हणून मला वाईच्या दुकानात दोघंही हवी होती. एक सकाळ, अर्धा तास, माझ्या बाजूने उभी.

जेवणाच्या टेबलावर मुलीने कागद घेऊन बेत आखला. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, शनिवारी गड, रविवारी सायकल, जेवून परत.

"आणि माझं दुकान?" मी विचारलं.

"अगं, तू कधीही जा ना. शनिवारी दुपारी जा. आम्ही झोपू तेव्हा."

मी तिथल्या तिथे दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, एक ते चार बंद. रविवारी फक्त सकाळी, साडेनऊला उघडतो. पेटी आहे का विचारलं, आहे म्हणाला. किंमत सांगितली. मी म्हटलं, "एवढ्यात मला शिसवी पलंग येईल." तो म्हणाला, "मग पलंग घ्या, ताई." आवडला मला माणूस. असाच हवा समोर.

फोन ठेवला तर हे म्हणाले, "अगं, संध्याकाळी जाऊन सांगेल ते देऊन टाक. परवडतं आता आपल्याला."

"कोणामुळे परवडतं?"

"झालं सुरू," मुलगी म्हणाली. "आई, तू घरातही भाव करतेस."

मी पाण्याचा तांब्या आपटला. तो आडवा झाला आणि तो कागद, गड, सायकल, सगळं भिजलं. माझा राग वाईट आहे, मान्य. पण बेतात ज्याच्या वाट्याला दुकान बंद असतानाची वेळ आली होती, त्याने काय टाळ्या वाजवायच्या?

शेवटी तोड मीच काढली. यांनी रविवारी सहाला सायकल काढायची, नऊला परत फिरायचं आणि अंघोळ न करता थेट दुकानात यायचं.

"घामाने निथळत?" हे म्हणाले.

"तेच हवंय. घाईत दिसाल. दारात उभं राहून घड्याळ बघायचं. मी पदर सावरला की म्हणायचं, राहू दे, चल."

"मी काय म्हणू?" मुलीने विचारलं.

"तू म्हण, आई, असलं जुनं कोण वापरतं."

ती हसली. "हे मी ॲक्टिंग न करताही म्हणू शकते."

तरी ठरलं. पुढचे आठ दिवस मी खुशीत होते, हे आज लिहितानासुद्धा लाज वाटते. पोळ्या लाटताना मनात भाव बोलत होते. तो किती म्हणेल, मी किती म्हणेन, पदर कधी सावरायचा. यांच्याकडून ते वाक्य दोन-तीनदा म्हणूनही घेतलं. बरं म्हणत होते.

गुरुवारी खोकं आलं. वॉचमनने वर पाठवलं. मुलगी घरूनच काम करत होती, पळत बाहेर आली.

"उघड ना. सरप्राइज!"

मी वजनावरूनच ओळखलं. "कितीला?"

"आई, प्लीज. आजच्या दिवस कितीला विचारू नकोस."

"कितीला?"

"त्याने सांगितले तेवढे. वर कुरिअरचे. विषय संपला ना आता? तुला पेटी मिळाली, बाबांना रविवारी धावपळ नको, तू मस्त उशिरापर्यंत झोप." मग तिला आठवून हसू आलं. "दुकानदार म्हणाला, परवा फोनवर बोलल्या त्या बाई फार कडक आहेत, तुम्ही बऱ्या."

हे सोफ्यावरून हसले. "बघ, वाईपर्यंत कीर्ती गेली. झाली ना हौस पुरी?"

पुन्हा तेच. दुकानदार हसला, ही दोघं त्याच्यासोबत हसली, मी पलीकडच्या बाजूला. फक्त या वेळी मी दुकानात नव्हते, स्वतःच्या घरात होते. मुलीच्या मनात वाईट नव्हतं, हे मला कळतं. वाईट असतं तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. तिने पुरे पैसे मोजून माझ्या सकाळीतून दोघांची सुटका करून घेतली, आणि वर तिला वाटत होतं की तिने मला काहीतरी दिलं.

मी ओरडले नाही. त्याचीच दोघांना भीती वाटली असावी. मी म्हटलं, "तुम्ही दोघं जा. वाईत माझं काही काम उरलं नाही." हे म्हणाले, "असं काय करतेस?" मुलगी म्हणाली, "आई, ड्रामा नको." एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा कोणी म्हणालं नाही. भाव करणाऱ्याला कळतं, समोरचा तिसऱ्यांदा विचारत नसेल तर त्याला ती वस्तू तितकीशी नको असते.

शुक्रवारी मी दोघांना मेथीच्या दशम्या आणि सुक्या चटणीचा डबा करून दिला. गाडी गेटबाहेर गेली. खोकं मी न उघडता कपाटावर ठेवलं. अजून तिथेच आहे, टेपसकट.

रविवारी साडेनऊला मी स्टेशनबाहेर भाजीला गेले. तळवलीकडून येणारी एक बाई तिथे बसते, पंधरा वर्षांची ओळख. रोजचं आमचं भांडण बघायला शेजारचा केळीवाला मान वळवतो. ती नुकतीच जुड्या मांडत होती.

"कोथिंबीर?"

"चाळीस."

मी चाळीस काढून दिले.

तिने नोटा घेतल्या, पण कपाळाला लावल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिली. "काय झाला ताई? बरा नाय वाटत काय?"

"भवानी झाली ना तुझी? मग?"

"अशी कंची भवानी? बोला की काय तरी. वीस बोला."

मी जुडी पिशवीत टाकली. तिने नोटा मांडीखाली सरकवल्या आणि कढीपत्त्याच्या दोन काड्या आपणहून माझ्या पिशवीत टाकल्या. मी त्या काढून तिच्या टोपलीत परत ठेवल्या. मी मागितल्या नव्हत्या.