ठोक्याचे गाल

माझ्या धाकट्या भावाला गॅरेजात सगळे ठोक्या म्हणतात. आपटलेल्या गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करतो, म्हणून. शाळेत त्याला चाळणी म्हणायचे, त्यापेक्षा हे नाव बरं, असं त्याचं स्वतःचं मत. मला दोन्ही नावं आवडत नाहीत, पण मला विचारतंय कोण!

चाळणी का, ते त्याचा चेहरा पाहिला की कळतं. चौदाव्या वर्षी त्याच्या गालांवर मुरमं आली आणि मुक्कामच ठोकून बसली. लाल, ठणकणारी, पुवाने भरलेली. आई म्हणायची, "वयात येतोय, जातील आपोआप." बाबा म्हणायचे, "तोंड नीट धूत नाही, दुसरं काय." शेजारची प्रत्येक बाई एकेक लेप सांगून जायची, आणि तो लावला की दुसऱ्या दिवशी आणखी चार मुरमं वर यायची. सहा वर्षांनी एकदाची गेली, पण जाताना गालांत खड्डे ठेवून गेली. काही टाचणीने भोसकल्यासारखे, काही चौकोनी, काही नुसतेच खोलगट. आज तो छत्तीस वर्षांचा आहे. अजून माणसं त्याच्याशी बोलताना डोळ्यांकडे बघत नाहीत, गालांकडे बघतात. अशा माणसाची मान धरून फिरवावी असं मला वाटतं. अजून कुणाची फिरवलेली नाही, एवढंच.

कामात मात्र त्याचा हात धरणारा नाही. गाडी आली की आधी तो डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवतो. मग ट्यूबलाइट हातात घेऊन दाराला अगदी चिकटून आडवी धरतो. रंगात उजेडाची सरळ रेघ उमटते, आणि जिथे पत्रा दबलाय तिथे ती रेघ वाकते. समोरून बत्ती मारली तर काही दिसत नाही, आडवी धरली की सगळं उघडं पडतं. बाकीचे कारागीर खड्ड्यात पुट्टी भरतात, वरून घासतात, रंग मारून मोकळे होतात. ठोक्याला त्याचा भारी राग. "पत्रा आतून उचलावा लागतो," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो. वर्षभरात पुट्टी तडकून गाडी परत येते, तेव्हा तो नुसता हसतो.

मागच्या वर्षी मालकाने गॅरेजच्या पुढच्या बाजूला काचेची केबिन बांधायला काढली. गिऱ्हाईक आलं की गाडी बघायची, काय करावं लागेल, किती दिवस लागतील ते सांगायचं, यासाठी तिथे एक माणूस बसणार होता. अठरा वर्षं तिथे राबलेला ठोक्या साहजिकच मालकाकडे गेला. मालक म्हणाला, "काम तुझ्याइतकं कुणाला कळतं रे! पण पुढे जरा चेहरा लागतो. तू आतच बरा." मग वातावरण हलकं करायला म्हणून हसत म्हणाला, "केबिन व्हायला नऊ-दहा महिने आहेत. बघ तोवर काही होतंय का."

मालकाने केली थट्टा, आमच्या शहाण्याने ती खरी मानली. त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. मी घरीच लोकांचे कपडे ऑल्टर करून देते. मी मशीनवर होते. तो शेजारच्या स्टुलावर बसला आणि कापडाच्या चिंध्या चाळवत राहिला. इतक्या वर्षांत स्वतःच्या चेहऱ्याबद्दल अवाक्षर न काढलेला माणूस म्हणाला, "ताई, मला पुढे बसायचंय."

मी मशीन थांबवली. त्यानंतर आम्ही दोघं त्याच्या गालांच्या मागे लागलो.

आधी फसलो. एका चकाचक क्लिनिकमध्ये गेलो. दारात कारंजं काय, खुर्च्या काय! डॉक्टर दिसला नाही, पण काउंटरवरच्या मुलीने पाच मिनिटांत आम्हाला पॅकेज गळ्यात मारलं. दर आठवड्याला चेहऱ्यावर निळा उजेड पाडायचा आणि कसलंसं क्रीम चोळायचं. दोन महिन्यांनी चेहरा चकाकायला लागला, खड्डे होते तिथेच. चकाकीमुळे उलट जास्तच दिसायला लागले. ठोक्या म्हणाला, "खड्डा न उचलता वरून पॉलिश मारलंय." मी त्या मुलीला जाब विचारायला गेले, तर तिने मला आणखी मोठं पॅकेज सुचवलं. ते कारंजं तिच्या डोक्यावर उपडं करायचंच बाकी ठेवलं मी.

मग मोठ्या हॉस्पिटलच्या त्वचाविभागात नंबर लावला. सकाळी आठला बसलो, साडेबाराला आत गेलो. आत वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी आधी वरचा दिवा मालवला, हातात छोटी बत्ती घेतली आणि ठोक्याच्या गालाजवळ आडवी धरली.

ठोक्या खुर्चीत ताठ बसला. "बाई, आम्ही पण असंच बघतो."

"कुठे?"

"गाडीवर."

बाई हसल्या. त्या क्षणापासून हा त्यांचा भक्त झाला.

बाईंनी नीट समजावून सांगितलं. सगळे खड्डे एकाच उपायाने जात नाहीत. जे टोकदार आणि खोल आहेत, त्यांच्या तळाशी बारीक काडीने जालीम ॲसिडचा ठिपका द्यायचा, मग ते तळापासून हळूहळू भरून येतात. जे खोलगट आहेत, तिथे कातडी आतून धाग्यांनी खाली ओढलेली असते. सुई आत घालून ते धागे तोडायचे, म्हणजे कातडी सुटते आणि वर येते. हे ऐकून ठोक्याने माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, मी इतकी वर्षं काय सांगतोय! एखादा खड्डा फारच हट्टी असला तर कापून टाका घालायचा. भरण करणारं इंजेक्शनही असतं, पण ते बहुतेक वेळा काही महिन्यांत विरतं. आणि शेवटी लेझरने वरची कातडी थोडी घासल्यासारखी करायची, म्हणजे नवी येते आणि काठ बसतात. प्रत्येक वेळी मध्ये महिना-दीड महिना थांबायचं. उन्हात तोंड काढायचं नाही.

"आणि आत्ताच सांगते," बाई म्हणाल्या, "पूर्ण जाणार नाहीत. निम्मे कमी झाले तरी चांगलं झालं म्हणायचं."

"निम्मे?" माझा पारा चढला. "मग एवढं सगळं करायचं तरी कशाला?"

"ताई, गप गं," ठोक्या म्हणाला.

मग बाईंनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "औषध कधीच घेतलं नाहीस का? आणि फोडत होतास काय मुरमं? फोडून फोडून खोल गेलेत बरेचसे."

मी पर्स मांडीवर ओढली.

मुरमं मी फोडायचे. सतरा-अठराची असताना सुरू केलं. रविवारी दुपारी मागच्या पायरीवर बसायचं, त्याचं डोकं मांडीवर घ्यायचं, आणि दोन अंगठ्यांच्या नखांत धरून एकेक पिचकवायचं. नखांना दाद देत नसेल तर टाचणी दिव्यावर तापवून. तो कळवळायचा. मी म्हणायचे, "हलू नकोस, घाण निघाली की बरं वाटेल." आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजा यायची. वाट बघायचे मी रविवारची.

ठोक्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. म्हणाला, "हो बाई. मीच फोडायचो."

बाईंनी त्याला चांगलं फैलावर घेतलं. एवढी घाई कशाची असते तुम्हा मुलांना, आरशासमोर उभं राहायचं आणि बोटं चालवायची, आता भोग. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मी पर्सची चेन उघडत-मिटत बसले. बसस्टॉपवर बोलू म्हटलं. मग घरी गेल्यावर बोलू म्हटलं. नाही बोलले.

उपचार सुरू झाले. सुईने धागे तोडले की त्याचा चेहरा सुजून काळानिळा व्हायचा. तसाच तोंडाला फडकं बांधून तो कामावर जायचा. पण तिसऱ्या वेळेनंतर त्याने मला गॅरेजात बोलावलं, स्वतःच्या डाव्या गालाजवळ ट्यूबलाइट आडवी धरली आणि म्हणाला, "बघ." खोलगट भाग खरंच वर आला होता. सावली पुसट झाली होती. बाहेर केबिनला काचा बसवत होते, आणि माझा भाऊ हातात बत्ती धरून लहान मुलासारखा हसत होता.

आणि मग या शहाण्याने माती खाल्ली.

लेझरला अजून दोन महिने अवकाश होता आणि केबिनचं उद्घाटन महिन्यावर आलेलं. ठोक्याने आपलं डोकं चालवलं. शेवटी वरची कातडी घासायचीच आहे ना? मग घासण्यात आपल्यापेक्षा तरबेज कोण? खड्ड्याचे काठ उतरवले की खड्डा उथळ दिसतो, हे त्याने हजार दारांवर पाहिलेलं. गॅरेजच्या बेसिनवर उभं राहून, साबणाचं पाणी लावून, गाडीचा रंग घासायच्या दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरने या माणसाने स्वतःचे गाल घासले. एकदा नाही, चार दिवस!

आधी लाल झाले. पंधरवड्यात दोन्ही गालांवर काळे चट्टे पडले.

"हा पत्रा आहे का?" बाई त्याच्यावर ओरडल्या.

"नाही बाई."

सगळं थांबवलं. चार महिने नुसती मलमं. मीही घरी आल्यावर त्याला फाडून खाल्लं. "पत्र्याला परत रंग मारता येतो, गाढवा! कातडीला कोण मारणार आहे? कुणी सांगितलं होतं स्वतःच्या तोंडाशी खेळायला?" बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं की कोण कुणाला बोलतंय. मी उठून आत गेले.

केबिन झाली. तिथे मालकाचा मेहुणा बसला. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले, आणि अक्कल अशी की पत्रा दबलाय की नुसती धूळ बसलीय हे कळत नाही. गिऱ्हाईक आलं की दहा वेळा मागे येतो. "ठोक्या, जरा बाहेर ये रे." ठोक्या बत्ती घेऊन बाहेर येतो, गाडी बघतो, सांगतो. मेहुणा तेच शब्द काचेआड बसून गिऱ्हाइकाला सांगतो. म्हणजे काम पुढचंच, खुर्ची तेवढी मागची. मी म्हटलं, सोड ती नोकरी. तो म्हणाला, "चट्टे जाऊ देत, मग बघू." त्याचं हे 'मग बघू' ऐकलं की माझं डोकं फिरतं.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या शाळेत वर्गाचा फोटो होता. तेरा वर्षांची आहे. आदल्या संध्याकाळी मी एका पॅन्टची कंबर घेत होते, ठोक्या स्टुलावर चहा पीत होता. ती आली आणि हनुवटी माझ्यापुढे केली. "आई, ही पुटकुळी फोड ना. उद्या फोटो आहे."

मी वर न बघता म्हटलं, "वयात येतेयस, जातील आपोआप."

आईचंच वाक्य. जसंच्या तसं. आणि मी वर पाहिलं तेव्हा माझे दोन्ही अंगठे तिच्या हनुवटीपाशी पोचले होते.

ठोक्याने कप खाली ठेवला. "तिला हात लावू नकोस," तो म्हणाला. "परवा बाईंकडे नेऊ."

नेलं. बाईंनी वरचा दिवा मालवला, बत्ती आडवी धरली. म्हणाल्या, "अजून काही बिघडलेलं नाही. वेळेवर आणलंत." लावायचं औषध दिलं, महिनाभराने दाखवायला सांगितलं. मग पोरीला दटावलं, "हात लावायचा नाही. बघ तुझ्या मामाकडे. स्वतःच्या हाताने फोडून काय करून घेतलंय."

पोरीने मामाकडे पाहिलं. तो नेहमीसारखाच मान डोलावून हेही अंगावर घ्यायला तयार झाला.

"त्याने नाही फोडली मुरमं," मी म्हणाले. "मी फोडली. मांडीवर डोकं घेऊन. सहा वर्षं."

बाईंचं पेन थांबलं. पोर माझ्या हातांकडे बघायला लागली. मी हात पदराखाली घेतले.

बाहेर जिन्यात मला रडू आवरेना, आणि रडू आलं की मला आणखी राग येतो. "तू का नाही बोललास?" मी त्याच्यावर खेकसले. "बावीस वर्षं झाली! दुखायचं ना तुला? एकदा तरी ओरडायचंस माझ्यावर!"

"ओरडलो असतो तर तू थांबली असतीस."

"मग थांबायलाच हवं होतं मी!"

तो कठड्यावरचा उडालेला रंग नखाने खरवडत राहिला. मग म्हणाला, "ताई, तेव्हा माझ्या शेजारी कुणी बसत नव्हतं. वर्गात नाही, घरातही नाही. माझ्या तोंडाला हात लावणारी तू एकटीच होतीस."

एवढं बोलून त्याने माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, भाचीला बरोबर घेतलं आणि औषधाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.