कालचाच आकडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, पण सहानुभूती नको. ऐकून घ्या, एवढंच.

पेडणेकरचा मला राग होता. होता कसला — आहे. नव्वद साली कुवेतमध्ये, रिग्गईत, आम्ही दोघं एका फ्लॅटमध्ये राहायचो. एकाच हॉस्पिटलात तो फिजिओथेरपिस्ट, मी लॅबमध्ये. दारूबंदीचा देश, म्हणून बिअर घरीच. गव्हाला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, उकळून गाळायचं, यीस्ट टाकायचं — सगळं तो करायचा. माझं काम एकच, बाटलीत कधी भरायची ते सांगणं. लघवीची घनता मोजायचं तरंगतं काचेचं मीटर मी लॅबमधून कोरं उचललं होतं. बिअर आंबत असते तोवर त्यावरचा आकडा रोज उतरतो. दोन दिवस हलला नाही की भरायची. त्याआधी भरली तर आत गॅस कोंडतो आणि काच फुटते. हे मला पक्कं ठाऊक होतं. विसरलो होतो, असं कुठल्या तोंडानं म्हणू?

राग कशाचा? एका शुक्रवारी त्यानं माझ्या बायकोचं पत्र आठ-दहा जणांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. तिला एकटीला वाटणारी भीती, तिचं रडणं — सगळं नकला करत. लोक हसले. मीही हसलो! ते माझं हसणंच मला जास्त झोंबलं, आणि त्याचाही राग मी त्याच्यावरच काढला.

मे महिना होता. पिंपावर वाकून मी मीटर पाहिलं. आकडा कालच्यापेक्षा चांगलाच खाली.

"माका बारीक आकडे दिसणत नाय," तो मागून म्हणाला. "तूच सांग. भरू?"

"भर. कालचाच आकडा आहे."

इतकंच. फेस छतापर्यंत उडावा, चारचौघांत त्याची फजिती व्हावी — एवढंच मनात होतं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. मग बाटल्या त्याच्याच खोलीत ठेवायला का सांगितलं? माझ्या खोलीत जागा नव्हती? होती की.

चौथ्या दिवशी दुपारी त्यानं एक बाटली खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. ती हातातच फुटली. त्याचा उजवा डोळा गेला. तो माझं नाव घेऊन ओरडत होता, आणि मी — मी आधी पिंपात उरलेली बिअर मोरीत ओतली, मग टॅक्सी बघायला धावलो. हॉस्पिटलात सांगितलं, सरबताची बाटली फुटली.

जूनमध्ये तो मालवणला परत गेला. ऑगस्टमध्ये इराकी रणगाडे आले, तेव्हा लोक म्हणायचे, पेडणेकर नशीबवान, वेळेवर सुटला. मी मान डोलवायचो.

मी जॉर्डनमार्गे कसाबसा पुण्याला पोचलो. एक्क्याण्णवच्या सुरुवातीला त्याचं पत्र आलं. अक्षर वाकडंतिकडं. घाई माझीच झाली, त्यानं लिहिलं होतं. तू होतास म्हणून वाचलो. वहिनींच्या पत्राची चेष्टा केली त्याची लाज वाटते, माफ कर.

माफी मागून त्यानं मला आणखीच चिडवलं. खरं लिहायला एक ओळ पुरली असती. मी पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं — माफ केलं. घाई तुझीच झाली, पण झालं ते झालं. यापुढे जपत जा.