बागबाजारचा दुसरा खंदक

कलकत्त्याच्या बागबाजारात प्रेमलताबाई फाटकांना त्यांच्या नावाने फारशी कुणी हाक मारली नाही. जन्म तिथला, सासर दोन गल्ल्या टाकून. लहानपणी त्या ‘बर्गीची पोर’ होत्या, केस पांढरे झाल्यावर ‘बर्गी-दिदी’ झाल्या.

याला कारण आपले पूर्वज. दोनशे वर्षांमागे नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार चौथाई मागत बंगालभर फिरले, गावं जाळली, धान्य लुटलं. आपला साधा बारगीर तिथे बर्गी झाला. त्यांच्या धास्तीने कलकत्त्याच्या लोकांनी पदरचे पैसे घालून शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो याच बागबाजारातून. बर्गी काही शहरात आले नाहीत. खंदक अर्धवट राहिला आणि पुढे बुजवला गेला, पण तो शब्द बुजवायचं कुणाला सुचलं नाही. पोर झोपेना की आई बर्गीचं नाव काढणार! शाळेत मुली डब्यातली संदेश नावाची मिठाई पुढे करून “ही घे तुझी चौथाई” म्हणायच्या आणि प्रेमलता रडत घरी यायची. पुढे तिने रडणं सोडलं आणि संदेश खाऊन टाकायला सुरुवात केली.

त्यांचे यजमान मनोहरपंत छापखान्यात मुद्रितं तपासायचे. घरपट्टी भरायला जाणं हा त्यांचा घरचा सण. स्वराज्य आलं त्या वर्षी ते धुतलेलं धोतर नेसून, बाईंना बरोबर घेऊन कचेरीत गेले. “आजवर परक्याला दिले,” पायऱ्या उतरताना ते म्हणाले, “आजचे पैसे घरातच राहिले.” ते गेल्यावरही बाई मुदतीच्या आधी पट्टी भरत आल्या. रांगेत उभं राहिलं की त्यांना ते वाक्य आठवायचं आणि बरं वाटायचं.

मग गल्लीच्या तोंडाशी साबणाचा कारखाना उभा राहिला. शुद्ध पाण्याचा मोठा नळ तिथपर्यंत आला, कारखान्यात शिरला आणि तिथेच थांबला. कंपनी माणसांना काम देते म्हणून तिला पट्टीत सूट मिळाली. गल्लीची पट्टी मात्र वाढली, कारण कागदावर गल्लीलाही पाणी मिळालं होतं! बाईंच्या न्हाणीत एक चकचकीत तोटी बसवून गेले. ती फिरवली की फुस्स असा आवाज यायचा, बाकी काही नाही. गल्लीचं पिणं, रांधणं सगळं पूर्वीसारखंच जुन्या विहिरीवर चाललं होतं.

त्या उन्हाळ्यात खालच्या बिऱ्हाडातल्या सरलाला कॉलरा झाला. ही बंगाली पोर बाईंना ‘माशी’ म्हणायची. बंगालीत ती मावशी आणि मराठीत भणभणणारी माशी, म्हणून बाई दर वेळी हसायच्या. आता त्या तिच्या उशाशी बसून होत्या आणि पोर ‘माशी, पाणी’ एवढंच म्हणत होती. पाणी द्यायचीच भीती वाटत होती. सरला वाचली. पण डॉक्टर जाताना म्हणाले, “पुढच्या उन्हाळ्यातही हेच पाणी प्यायलात, तर मला बोलावून काही उपयोग व्हायचा नाही.”

त्या दिवशी बाईंनी ठरवलं की पाणी आल्याशिवाय पट्टी भरायची नाही.

दीर श्रीकांत केंद्र सरकारात अधिकारी, दिल्लीहून बदली होऊन आलेले. ते धावत आले.

“वहिनी, भरून टाका. सरकारशी वाकडं घेऊन कुणाचं भलं झालंय? शिवाय आपण इथे पाहुणे.”

“पाहुणे तुम्ही, भावजी. तुमची बदली होईल. मला कुठे बदली देणार?”

“दादा असता तर त्याने असं केलं असतं?”

हा घाव वर्मी बसला. मनोहरपंतांनी काय केलं असतं, हे त्या रोज स्वतःला विचारत होत्या. “त्यांनी घरात पैसे दिले होते,” त्या म्हणाल्या. “घरातली पोर पाण्यावाचून मरायला टेकते, त्याला घर म्हणायचं का, ते विचारायला ते आज नाहीत. म्हणून मी विचारते.”

कचेरीतून बोलावणं आलं. अधिकारी बंगाली, गोड बोलणारा, जवळच श्यामबाजारला राहणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, “दिदी, तुमच्या लोकांनी आमच्याकडून चौथाई नेली. आता आमचा वाटा द्यायला का कां-कूं करता?” सगळी कचेरी खो-खो हसली. जन्मभर उत्तरं देणाऱ्या बाई मुकाट्याने जिना उतरल्या. रस्ताभर त्यांचे कान जळत होते.

पावसाळा संपताना जप्ती आली. एक कारकून, दोन हमाल. घरात नेण्यासारखं काय होतं? पुस्तकांना भाव नाही, खाट मोडकी. कारकुनाची नजर न्हाणीत गेली. तिथे बाईंच्या आईची तांब्याची भांडी होती, मोठा हंडा, घागरी, कळशी, घासून लख्ख केलेली.

“ही उचला,” तो म्हणाला.

बाई बघत राहिल्या. पाण्याची पट्टी दिली नाही म्हणून पाण्याची भांडी! आधी त्यांना हसू फुटलं, मग संताप आला. हमाल गल्लीत उतरले तशा त्या मागोमाग उतरल्या आणि भर गल्लीत, दारोदारच्या बायकांना ऐकू जाईल अशा खणखणीत बंगालीत बोलल्या.

“बाबू, बर्गी काय करायचे, सांगा बघू! यायचे, न्यायचे आणि जायचे. द्यायचे काही नाहीत. बरोबर? म्हणून दोनशे वर्षं तुम्ही त्यांना शिव्या घालता. घातल्याच पाहिजेत, माझे पूर्वज असले तरी! मग आता मला सांगा, या गल्लीत आज बर्गी कोण?”

मग जिन्यावर बसलेली, अजून हाडं दिसत असलेली सरला कारकुनाकडे बोट करून ओरडली, “बर्गी!”

बस्स. पोरांना तेवढंच हवं होतं. “बर्गी! बर्गी!” करत त्यांनी हंडा, हमाल आणि कारकून यांची मिरवणूक नाक्यापर्यंत पोचवली.

तेव्हापासून पट्टीवाला गल्लीत शिरला की हाकाटी व्हायची. शेजारच्या गल्ल्यांनीही ती उचलली, आणि हाकेबरोबर पट्टी रोखणंही. भांड्यांचा लिलाव पुकारला, पण बागबाजारातून कुणी बोली लावेना. शेवटी तो गोड बोलणारा अधिकारी स्वतः बाईंच्या दारात येऊन उभा राहिला. या खेपेला त्याला हसू येत नव्हतं.

“दिदी, हे थांबवा. काल माझ्या मुलीने विचारलं, बाबा, तुम्ही बर्गी आहात का?”

“वाईट वाटलं?”

“खूप.”

“मी पाच वर्षांची असल्यापासून ऐकतेय,” बाई म्हणाल्या. “माझ्या वडिलांनाही खूप वाईट वाटायचं. बसा. पाणी मात्र देऊ शकत नाही.”

तो बसला नाही. न्हाणीत जाऊन त्याने ती कोरडी तोटी फिरवली, फुस्स ऐकलं आणि निघून गेला.

हिवाळ्यात कुदळी घेऊन माणसं आली. कारखान्याच्या कोपऱ्यापासून गल्लीच्या मधोमध चर खणला जाऊ लागला. हंडा आणि घागरी परत आल्या. अधिकारी देखरेखीला उभा होता. बाई उंबऱ्यात आल्या, कडेला सरला.

“पाणी आलं की मागची सगळी पट्टी भरायला मी स्वतः येईन,” त्या म्हणाल्या. “धुतलेलं पातळ नेसून येईन. आमच्या घरचा तो सण आहे.”

त्याने मान हलवली. बाईंनी वाकून मातीचा वास असलेल्या त्या चराकडे पाहिलं आणि खणणाऱ्यांना हाक घातली, “अरे, मागचा खंदक तुम्ही अर्धा सोडलात, कारण बर्गी आलेच नाहीत. हा पुरता दारापर्यंत आणा. या खेपेला बर्गी आतच राहते!”