निराधारच्या फॉर्मवरची छत्री

चित्रं कॉम्प्युटरच्या आतच असतात. झाड, किल्ली, कुलूप, पृथ्वीचा गोळा, सगळी फुकटची आणि पहिल्या दिवसापासूनची. पण ती अशा कोपऱ्यात कोंबून ठेवली आहेत की घरातल्याच डब्यातली साखर शोधायला घर उलटंपालटं करावं लागावं. ज्यानं ती तिथं ठेवली त्याच्यावर माझा राग आहे. त्याहून मोठा राग दुसऱ्या एका माणसावर आहे, आणि त्याला मी रोज दोन वेळा वाढते.

टोकावड्याला एसटीच्या थांब्याजवळ आमचं झेरॉक्स आणि फॉर्मचं दुकान आहे. थोरले दीर गेले आणि जाऊबाई दिवसभर भिंतीकडे बघत बसायला लागल्या. मीच त्यांना म्हटलं, दुकानात चला. नवरा म्हणाला, "वहिनीला काय जमनार? बघ, जमलं तर बसूं दे." हे 'जमलं तर' त्या बाईच्या डोक्यावर कायम टांगलेलं.

त्यांना वाचता येतं. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर स्क्रीनवरची अक्षरं फिसकटायची. मी फाइलींची नावं आखूड केली, मोठी केली, तरी त्या स्क्रीनला नाक लावायच्या आणि समोरचं गिऱ्हाईक हसायचं. सगळ्या फाइलींचं तोंड एकच, पांढरा कागद. मग एका दुपारी मी हट्टाला पेटले. शॉर्टकट करायचा, त्यावर उजवं बटण, प्रॉपर्टीज, आणि त्यात खाली 'चेंज आयकॉन'. चित्रांची एक आडवी पट्टी उघडली. अजून चित्रं हवी असतील तर दुसऱ्या एका फाइलचं नाव हातानं टाइप करावं लागतं. आता ते नाव माणसाला स्वप्नात दिसणार का? शोधून शोधून डोकं उठलं, पण सापडलं.

निवड जाऊबाईंनी केली. सातबाऱ्याच्या अर्जाला झाड, रेशनच्या अर्जाला दोन माणसं. निराधारच्या फॉर्मला, म्हणजे विधवांच्या पगाराच्या फॉर्मला, त्यांनी छत्रीवर बोट ठेवलं.

"नवरा गेला म्हंजे डोक्यावरचं छत्र गेलं ना गो. ही तरी देऊ."

मी हसले, त्या हसल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडे न बघता फॉर्म काढायला सुरुवात केली. गिऱ्हाईक "मावशी, निराधारचा द्या" म्हणायचं, आणि फॉर्म मशीनमधून बाहेर. भाताची कापणी होईपर्यंत त्यांची पाठ ताठ झाली होती. मला फार बरं वाटायचं.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. नवऱ्याच्या पॅनेलचं चिन्ह कपबशी, आणि समोरच्या पॅनेलला मिळाली छत्री. कपबशीवाला एक कार्यकर्ता पत्रकाच्या झेरॉक्सला आला, त्यानं स्क्रीन बघितला, आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं.

नवरा तणतणत आला. "माझ्याच दुकानात छत्रीचा परचार?"

"अवो, तो निराधारचा फॉर्म हाय," मी म्हटलं.

"मला नको शिकवूस."

त्यानं नुसती छत्री काढली नाही. झाड पुसलं, माणसं पुसली, सगळे शॉर्टकट उडवले. म्हणे, परत लफडं नको. वड्याचं तेल वांग्यावर! झाडानं कुणाचं काय घोडं मारलं होतं?

दुसऱ्या दिवशी मी कागदाची रिमं आणायला मुरबाडला गेले होते. तेवढ्यात वाडीवरची एक विधवा आली. जाऊबाईंनी चाचपडत एक फॉर्म काढून दिला, तो निघाला रेशनचा. तिनं तो कुणाकडून तरी भरून घेतला, तालुक्याला गेली, तिथून परत पाठवली गेली, आणि आमच्या दुकानात येऊन चारचौघांत जाऊबाईंना नाही नाही ते बोलली. तिचंही चुकलं नव्हतं, तिचा दिवस फुकट गेला होता.

"बगितलंस?" नवरा मला म्हणाला. "नाय जमत."

कीबोर्ड उचलून त्याच्या टाळक्यात घालावा असं मला वाटलं. जाऊबाईंनी चष्मा घडी करून डबीत ठेवला आणि त्या घरी निघून गेल्या. मी चित्रं परत लावते म्हटलं, तर नवरा म्हणाला, निवडणूक होऊं दे. जाऊबाई म्हणाल्या, "ऱ्हाव दे गो. लोकांसमोर परत नको."

निकाल लागला. छत्री आली, कपबशी फुटली. आणि जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो! आमचा कपबशीवाला नवरा कपाळभर गुलाल लावून नव्या सरपंचांना हार घालून आला. दुकानात शिरला, खुर्ची ओढली आणि मला म्हणाला,

"ती छत्री परत लाव. मोठी कर जरा. सरपंच येतीन झेरॉक्सला, त्यांना दिसूं दे."

"लावते," मी म्हटलं. "मग ताईंना बोलवू ना?"

"वहिनीला?" तो माझ्याकडे बघत राहिला. "तिचा काय संबंध?"

तो टोमणा मारत नव्हता. खरंच विचारत होता.