नात्यातली पोरगी

"कोण हाय ती राऊत मॅडम?"

आठवी 'ब'च्या दारात एक बाई उभी होती. कडेवर वर्षाचं मूल, दुसऱ्या हातात नवऱ्याचं मनगट. नवरा तिच्या जेमतेम खांद्याला लागत होता, आणि त्याच्या ओठावर मिशीचा मागमूस नव्हता.

"मीच राऊत मॅडम," मी खडू खाली ठेवला.

"याले पाहा. निरखून पाहा. हा तुमाले बालमजूर दिसते?"

मागच्या बाकावरचा वैभव एकदम खाली वाकला आणि चपलेचा पट्टा लावू लागला. तेवढ्यावरून मला प्रकरण समजलं.

"हे आधार कार्ड. हा लगनाचा फोटो. आन हे याचं पोट्टं," तिने कडेवरचं मूल माझ्यापुढे धरलं. "अजून काय पुरावा पायजे?"

तिचा नवरा, म्हणजे बबलूभाऊ, एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात कचोऱ्या तळतात. ते हळूच म्हणाले, "जाऊ दे ना वो. लहान लेकरं हायेत."

"तू चूप राय! साहेब तुले विचारून राह्यला, बेटा, तुह्या मायचं नाव काय? आन तू सांगून राह्यला!"

वर्ग हसला. बबलूभाऊही हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. वैभवने उभं राहून माफी मागितली, मी मागितली, सगळ्या वर्गाने एका सुरात मागितली. जाताना बबलूभाऊ वैभवला म्हणाले, "तीन कचोऱ्या खाऊन गेला तू. तवा तरी विचारायचं होतं, भाऊ, तुमचं वय काय?"

मी कारंजा लाडच्या एका शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. बालहक्कांचा पाठ आला की दरवर्षी आम्ही पोस्टर काढतो. डोक्यावर विटा, डोळ्यांत पाणी, खाली 'बालमजुरी हटवा'. पोस्टर भिंतीवर लागतं, पावसाळ्यात बुरशी धरतं, संपलं. त्या वर्षी मी ठरवलं, पोस्टर नको. मुलं शोध घेतील. बाजारात कुठे लहान मुलं कामाला आहेत ते पाहतील, आणि काय करता येईल तेही शिकतील.

मी आधी कायदा समजावला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्याच धंद्यात मदत चालते, पण शाळा सुटल्यावर किंवा सुटीत. 'घरचं' कोण, हेही कायद्याने सांगितलंय. आईबाप, भाऊबहीण, काका, आत्या, मामा, मावशी. बस्स. त्यापुढचं नातं लग्नाच्या पत्रिकेत चालतं, कायद्यात नाही.

इथपर्यंत मुलांनी मन लावून ऐकलं. फार मन लावून ऐकलं, कारण दुसऱ्याच दिवशी मधल्या सुटीत चार-पाच आया फाटकावर आल्या. पोरांनी घरी संप पुकारला होता. दळण आणायला सांगितलं की 'बालमजुरी'. शेळीला चारा घाल म्हटलं की 'बालमजुरी'. एकीचा मुलगा तर स्वतःचं ताट उचलायला तयार नव्हता.

"मॅडम, तुमी कायदा शिकवा, नाई म्हणत नाई," ती म्हणाली. "पण त्यात आईचं काई कलम हाय का नाई?"

मी पुन्हा तास घेतला. स्वतःचं ताट उचलणं ही मजुरी नव्हे. त्यावर वैभवने हात वर केला. "मंग बहिणीचं ताट?" त्याला मी बसवलं.

नियमही पक्के केले होते. फोटो काढायचे नाहीत, मालकाशी वाद घालायचा नाही, कुणाला 'सोडवायला' जायचं नाही. शंका आली तर मला सांगायचं. वैभवने हे सगळं पाळलं आणि मुलांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला परस्पर फोन लावला. 'फोन लावू नका' असं मी म्हटलंच नव्हतं, हा त्याचा खुलासा. तिकडचे साहेब हॉटेलात चौकशीला गेले आणि त्यातून बबलूभाऊंचं प्रकरण झालं.

मुलं खट्टू झाली. मुख्याध्यापक खंडारे सर म्हणाले, "मॅडम, पोस्टरच बरं होतं. पोस्टरची बायको येत नाही भांडायला."

मी मुलांना म्हटलं, उंची पाहू नका. आपल्याला एकच गोष्ट कळायला हवी. शाळेच्या वेळात ते मूल कुठे असतं?

हा प्रश्न वर्गातली अंजुम घरी घेऊन गेली. अंजुमची आई फॉल-पिकोचं काम करते. म्हणजे नव्या साडीला खालून पट्टी लावून काठ शिवायचे. बाजारातल्या एका मोठ्या साडीच्या दुकानाच्या साड्या तिच्याकडे येतात. अंजुमने सहज विचारलं, "अम्मी, साड्या कोण आणून देते?"

"पोरगी हाय एक. पूजा."

"कधी येते?"

"येते की. सकाळी अकरा-बारा वाजता."

अंजुम दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच मला गाठायला आली. "मॅडम, अकरा वाजता तं आपण शाळेत राह्यतो ना? मंग ती कशी येते?"

(मुलीचं नाव मी बदललं आहे.)

रविवारी मी अंजुमच्या घरी जाऊन बसले. पूजा साड्यांची पिशवी घेऊन आली. बारा वर्षांची, चुणचुणीत. अंजुमने तिला पाणी दिलं, तिच्या क्लिपचं कौतुक केलं, आणि मला चार पिरियडमध्ये काढता आली नसती एवढी माहिती दहा मिनिटांत काढली. पूजा किन्हीराजा गावची. बाप नाही, आई दुसऱ्यांच्या शेतात जाते. दुकानवाल्या काकांच्या घरीच राहते. सकाळची भांडी, फरशी, मग दुकान, संध्याकाळी काकूंचा नातू सांभाळायचा.

"शाळा?" अंजुमने विचारलं.

"होती ना गावात. चौथीपर्यंत गेली मी."

मी सोमवारी खंडारे सरांना सांगितलं. त्यांनी दुकानदाराचं नाव ऐकलं आणि खुर्चीत मागे टेकले. हे गृहस्थ आमच्या पालक संघात होते. शाळेला वॉटर कूलर देणार होते.

"मॅडम, कूलर जूनमध्ये येऊन राह्यला."

"सर, ती मुलगी बारा वर्षांची आहे."

"मी नाही कुठं म्हणतो? पण समोरासमोर बोलून मिटवू. तक्रारबिक्रार कायले?"

मला म्हणायचं होतं, मालकाला आधी सावध करू नका. पण मी स्टाफरूमपर्यंत पोचेपर्यंत सरांचा फोन लागलाही होता. तासाभरात दुकानदार काका ऑफिसात हजर. सोबत पेढे. अंजुम आणि वैभवलाही बोलावणं गेलं. सॉरी म्हणायला.

"अहो मॅडम, पूजा आमच्या नात्यातली पोरगी आहे," काका हसून म्हणाले. "मुलीसारखी ठेवली तिला."

"सॉरी काका," अंजुम म्हणाली. सरांनी समाधानाने मान हलवली. "फक्त नातं सांगा."

"काय?"

"तुमी तिचे मामा हाये का?"

"मामा नाही. आता, माझी साळी आहे ना..."

वैभवने सरांच्या मागच्या फळ्यावरचं वेळापत्रक पुसलं आणि खडू घेतला. "सांगा काका. साळी."

"तिची नणंद. त्या नणंदेचा दीर."

"थोरला का धाकटा?"

"धाकटा. त्याच्या बायकोच्या माहेरी..."

फळा संपला. वैभवने बाण भिंतीवर न्यायला घेतला तेव्हा सर ओरडले. वैभव मागे सरकला, फळ्याकडे पाहिलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, इतक्या लांबून तं मी बी तिचा भाऊ लागतो. आमची किन्हीराजाले आत्या हाय."

काका उठले. पेढ्यांचा पुडाही उठला. दारातून म्हणाले, "खंडारे साहेब, शाळेत काय शिकवता याकडे लक्ष द्या."

ते गेल्यावर सरांनी फळा स्वतः पुसला. मग मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या नोकरीचा विचार करा." रागावून नव्हे, काळजीनेच म्हणाले. मला खरंच भीती वाटली. आमच्यासारख्या शाळेत पालक संघाचा माणूस दुखावणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. तरी संध्याकाळी मी किन्हीराजाच्या शाळेतल्या एका मैत्रिणीला फोन केला. पूजाच्या आईला निरोप द्यायला सांगितला. एवढंच, की येऊन भेटा.

आई दुसऱ्याच दिवशी पहिल्या एसटीने आली. वाळलेल्या शेंगांची पिशवी घेऊन थेट मुख्याध्यापकांच्या ऑफिसात. मी तिथेच होते. तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि दोघांनाही वाकून नमस्कार केला.

"तुमच्यासाठीच आणल्या साहेब. माह्या लेकीले शिकवता तुमी."

सरांनी सवयीने एक शेंग उचलली होती. ती हातातच राहिली.

"कोणत्या वर्गात हाय जी माही पूजा?" तिने विचारलं. "काकाजी म्हणे, याच शाळेत नाव टाकलं. मंग म्या म्हटलं, घरचं काम केलं थोडं तं करू दे. शिकून तं राह्यली. दुरून पाहू देसान का तिले? वर्गात नाई जात मी."

 बाहेर कुठल्या तरी वर्गाचे पाढे चालले होते. मीच तिला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. ती आधी रडली नाही. आधी तिने विचारलं, "मंग परीक्षेत पयली आली म्हणे, ते?"

तेव्हा खंडारे सर उभे राहिले. बबलूभाऊंची बायकोसुद्धा एवढी रागावली नव्हती.

"माझ्या शाळेच्या नावावर?" ते म्हणाले. "माझ्या शाळेत पहिली? न येता?"

त्यांना दया जास्त आली की अपमान जास्त वाटला, हे मी आजही सांगू शकत नाही. पण फोन त्यांनीच लावला. आधी हेल्पलाइनला, मग कामगार खात्याच्या कार्यालयाला. नाव, पत्ता, दुकान, सगळं स्वतः सांगितलं. पलीकडून काहीतरी शंका आली असावी. सर कडाडले, "नाही हो, या वेळी लहानच आहे! मी खात्री केलीय!"

त्याच दुपारी अधिकारी दुकानात गेले. मुलांना मी वर्गात कोंडून ठेवलं होतं. वैभवने खिडकीतून तरी बघू द्या म्हणून अर्ज केला. खिडकीतून दुकान दिसतच नाही. पूजाला वाशीमला बाल कल्याण समितीपुढे नेलं. अशा मुलांचं पुढे काय करायचं, ते ही समिती ठरवते. आई सोबतच होती. समितीने पूजाला आईच्या ताब्यात दिलं. दुकानदारावर गुन्हा नोंदला, केस चालू आहे. गावच्या शाळेत तिला सहावीत बसवलं. मधली वर्षं बुडाली तरी वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो, हेही आमच्या मुलांना त्यातूनच समजलं.

माझी नोकरी गेली नाही. कूलर मात्र गेला. खंडारे सर आता प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतात, "आम्ही तत्त्वासाठी कूलर नाकारला." मी मान डोलावते.

पूजा कधीकधी आईच्या फोनवरून अंजुमला फोन करते. पहिल्या फोनवर ती आभार मानेल अशी आमची समजूत होती. अंजुमने स्पीकर लावला.

"काहून केलं वो तू असं?" पूजा म्हणाली. "इंग्रजीच्या बाई इतका अभ्यास देतेत! याच्यापेक्षा भांडी बरी." मग लगेच, "बरं आयक. गॅदरिंगले डान्स हाय माहा. तुले या लागते."

अंजुम गेली होती. वैभवही गेला. 'नातेवाईक' म्हणून पुढच्या रांगेत बसला.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी एक शिकले. मुलांना कायदा शिकवायचा असेल तर आपली गैरसोय होईल ही तयारी ठेवूनच शिकवावा. नाहीतर पोस्टर आहेच.

यंदा सत्र सुरू होताना खंडारे सरांनी मला ऑफिसात बोलावलं. म्हणाले, "मॅडम, या वर्षी वृक्षारोपण घ्या. झाडाचे नातेवाईक येत नाहीत."

मी आता नववीत गेलेल्या त्याच वर्गात जाऊन विषय सांगितला. सगळे खूश झाले. वैभवने हात वर केला.

"मॅडम, झाडं तं ठीक हाये. पण खड्डे कोण खणन?"